सातबारा खोडला तरी शेत तिथंच

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या मनीषनगर-बेसा भागात पत्ता सांगायची एक ठरलेली रीत आहे. अमुक गृहनिर्माण संस्था, तमुक लेआउट, प्लॉट नंबर बेचाळीस. रस्त्याला नाव असो-नसो, प्लॉटला नंबर असतो. बाहेरगावचा पाहुणा सुरुवातीला गोंधळतो, पण एकदा नकाशा हातात आला की बरोबर दारात येऊन उभा राहतो. तुमच्या-माझ्या संगणकातली हार्ड डिस्क अगदी याच पद्धतीने वसवलेली असते. आज बोलायचं आहे ते त्या प्लॉटविषयी. पडद्यावर पिवळ्या फोल्डरांच्या रूपात जे दिसतं त्याच्याविषयी नव्हे, त्या फोल्डरांच्या खाली जी जमीन आहे तिच्याविषयी.

हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या, गरगर फिरणाऱ्या तबकड्या. आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या मिळून जेमतेम पन्नास लाख अक्षरं मावत. कपाटाएवढं ते यंत्र. आज खिशात मावणाऱ्या डिस्कची ऐपत कितीतरी हजार पटींनी मोठी आहे, पण जमीन मोजायची रीत फारशी बदललेली नाही. तबकडीवर वर्तुळाकार पट्टे असतात आणि प्रत्येक पट्ट्याचे छोटे तुकडे पाडलेले असतात. त्या तुकड्याला म्हणतात सेक्टर. वर्षानुवर्षं एका सेक्टरचं माप ५१२ बाइट असंच राहिलं. गेल्या पंधराएक वर्षांत आतून ४०९६ बाइटचे मोठे सेक्टर आले, तरी बहुतेक डिस्क बाहेरच्या जगाशी अजून ५१२ च्याच हिशेबाने बोलतात.

५१२ बाइट म्हणजे किती? मराठी मजकूर आजच्या युनिकोड पद्धतीने लिहिला, तर काना-मात्रा वेगळ्या धरून सुमारे एकशे सत्तर चिन्हं. एखादं पोस्टकार्डही भरणार नाही. दोन एमबीचा एक फोटो ठेवायचा तर असे चार हजार प्लॉट लागतात. आणि एक टेराबाइटच्या डिस्कवर असे प्लॉट असतात सुमारे एकशे पंच्याण्णव कोटी. शून्यापासून सुरू होणारे, एकापुढे एक नंबर. डिस्कला याखेरीज काही कळत नाही. 'नंबर अमुकचा प्लॉट वाच' आणि 'नंबर अमुकच्या प्लॉटवर हे लिही' अशा दोन हुकमांवरच तिचा जवळजवळ सगळा कारभार चालतो. फाइल, फोल्डर, 'लग्नाचे फोटो' हे शब्द तिच्या गावीही नसतात.

मग हे शब्द येतात कुठून? ते येतात ऑपरेटिंग सिस्टिमकडून, म्हणजे विंडोज, लिनक्स वगैरेंकडून. ऑपरेटिंग सिस्टिमला मी या लेआउटचा तलाठी म्हणतो. कोणती फाइल कोणकोणत्या प्लॉटवर आहे, कोणते प्लॉट मोकळे आहेत, याचं दप्तर तो सांभाळतो. तुम्ही फाइल मागितलीत की तो दप्तर उघडतो, नंबर काढतो, डिस्कला एकेक प्लॉट वाचायला लावतो आणि तुकडे जोडून तुमच्यापुढे ठेवतो. ते दप्तरही डिस्कवरच, काही राखीव प्लॉटवर लिहिलेलं असतं.

आता गंमत बघा. तुम्ही फाइल 'डिलीट' करता, रीसायकल बिनही रिकामी करता, तेव्हा तलाठी काय करतो? शेतावर जाऊन पीक कापतो का? नाही. तो फक्त दप्तरात फेरफार करतो. डॉसच्या काळापासून चालत आलेली आणि आजही पेनड्राइव्ह-मेमरी कार्डांवर दिसणारी 'फॅट' नावाची दप्तरपद्धत आहे. तिच्यात फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर खोडून त्या जागी 'ई-५' ही खूण लिहितात आणि तिचे प्लॉट 'मोकळे' म्हणून दाखवतात. बस्स. प्लॉटवरचा मजकूर जिथल्या तिथे. पुढे कधीतरी दुसऱ्या फाइलला जागा हवी झाली की त्याच प्लॉटवर नवं लिहिलं जातं आणि तेव्हा कुठे जुनं खरोखर जातं. पीटर नॉर्टन या अमेरिकन माणसाने १९८२ साली डिलीट झालेली फाइल परत आणणारा प्रोग्राम विकायला काढला आणि त्यावर मोठा धंदा उभा केला. त्याचं मूळ भांडवल म्हणजे सातबारा खोडला तरी शेत तिथंच असतं, हे एवढंच ज्ञान.

संगणक शिकवण्यात आणि दुरुस्त करण्यात माझी तीसेक वर्षं गेली. त्यामुळे मनीषनगरात कुणाच्या मशीनला काही झालं की पावलं आमच्या घराकडे वळतात. काही वर्षांपूर्वी आमच्या लेआउटमधल्या एक काकू असंच जुनं मशीन रिक्षात घालून घेऊन आल्या. काका जाऊन सहा महिने झाले होते. मशीन फार हळू चालतं म्हणून त्यांनी ते कुणाकडे तरी दुरुस्तीला दिलं. त्याने दोन्ही भाग फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकून दिली आणि मशीन खरंच भराभर चालू लागलं. काकू म्हणाल्या, "भाऊ, त्याचं काम चांगलंच आहे हो. पण ह्यांचे फोटो दिसून नाही राहिले." २००४ पासूनचे सगळे फोटो त्यात होते. आणि एक छोटी चित्रफीत, मुलीच्या हळदीला काका गाणं म्हणतात ती. काकांचा आवाज असलेली घरातली तेवढी एकच वस्तू.

मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे मशीन सुरूच केलं नाही. लोकांना याचं नवल वाटतं. पण विंडोज नुसती सुरू झाली तरी ती शेकडो ठिकाणी लिहीत असते. तात्पुरत्या फायली, नोंदी, वेळा. आणि लिहिते कुठे? तलाठ्याने जे प्लॉट 'मोकळे' ठरवलेत, तिथे. म्हणजे नेमकं आपलं हरवलेलं शेत नांगरलं जाण्याची भीती. म्हणून डिस्क बाहेर काढली, माझ्या लिनक्सच्या मशीनला जोडली आणि तलाठ्याला मध्ये न घेता पहिल्या प्लॉटपासून शेवटच्या प्लॉटपर्यंत सरळ नक्कल उतरवून घेतली. १६० जीबीची डिस्क, म्हणजे एकतीस कोटींहून जास्त सेक्टर. निरोगी डिस्क असती तर तास-दीड तासात काम झालं असतं. हिचे काही सेक्टर वाचले जात नव्हते, म्हणून रात्रभर चाललं.

लिनक्समध्ये ही सोय मुळातच आहे. तिथे संपूर्ण डिस्क हीच एक लांबलचक फाइल म्हणून दिसते, 'डेव्ह' फोल्डरातली 'एसडीए' नावाची. तिच्यातून 'डीडी' या युनिक्सच्या जुन्या हुकमाने हवे ते सेक्टर उचलता येतात. या हुकमाला जाणकार थट्टेने 'डिस्क डिस्ट्रॉयर' म्हणतात, कारण कुठून घ्यायचं आणि कुठे ठेवायचं यांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि तो एका शब्दाने विचारत नाही.

नक्कल हाती आल्यावर दप्तराचा उपयोग नव्हता, ते नवं झालं होतं. पण शेतात काय पिकलंय हे पिकाकडे बघूनही ओळखता येतं. जेपेग फोटोचे पहिले बाइट ठरलेले असतात, 'एफएफ, डी-८, एफएफ'. शेवटही ठरलेला असतो. क्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या फ्रेंच माणसाने लिहिलेला फोटोरेक हा फुकट मिळणारा प्रोग्राम एकेक सेक्टर उघडून ही खूण शोधतो आणि तिथून पुढचे सेक्टर गोळा करतो. त्यातून हजारभर फोटो निघाले. त्यांची नावं मात्र गेली, कारण नाव दप्तरात असतं, शेतात नसतं. प्रोग्रामने प्रत्येक फोटोला नाव दिलं ते तो ज्या सेक्टरवर सापडला त्याच्या नंबराचं. तारखा वाचल्या, कारण त्या कॅमेऱ्याने फोटोच्या पोटातच लिहिल्या होत्या. काही फोटो वरून अर्धे स्पष्ट आणि खाली नुसते राखाडी. फाइलचे तुकडे सलग प्लॉटवर नसून विखुरलेले असले की असं होतं. पुढचा तुकडा कुठे, हे फक्त जुनं दप्तर सांगू शकलं असतं. चित्रफितीचंही तेच झालं. गाणं होतं अर्ध्या मिनिटाचं, त्यातली अकरा सेकंदं मिळाली. उरलेल्या प्लॉटवर नवी विंडोज बसली होती. काकूंनी ती अकरा सेकंदं माझ्यासमोर चार वेळा लावली आणि मग मशीनचं काय करायचं ते विचारलं.

आता दुसरी बाजू. याच सुमारास विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणून मी सीताबर्डीवरून एक जुनी हार्ड डिस्क विकत घेतली. 'एकदम रिकामी आहे सर, फॉरमॅट मारलेली,' दुकानदाराने सांगितलं, आणि विंडोजनेही रिकामीच दाखवली. वर्गात तोच प्रोग्राम चालवला आणि दोन-तीन मिनिटांत कुणा अनोळखी माणसाचं आयकराचं विवरण, पासपोर्टचे फोटो आणि मुलीचा लग्नासाठी तयार केलेला बायोडेटा पत्रिकेसकट वर आला. मी पडदा बंद केला आणि घरी आणून त्या डिस्कच्या सगळ्या सेक्टरांवर शून्यं लिहून टाकली. ज्या रस्त्याने काकूंचे फोटो परत आले, त्याच रस्त्याने हा बायोडेटा वीस पोरांसमोर आला. म्हणून या रस्त्यावर फाटक हवं की नको, हा संगणकाच्या इतिहासातला जुना प्रश्न आहे.

मनीषनगरच्या लोकांना फाटकाविषयी फार सांगायला नको. उड्डाणपूल होण्याआधी इथल्या रेल्वे फाटकावर आम्ही आयुष्याचे किती तास घालवले त्याचा हिशेब नाही. पण डॉसच्या काळातला संगणक म्हणजे फाटकच नसलेलं क्रॉसिंग होतं. मशीनच्या पायाशी बायॉस नावाचा प्रोग्राम असतो. त्याला तेराव्या नंबरची हाक दिली, की तो हवा तो सेक्टर वाचून किंवा लिहून देई. हाक कोण मारतंय, हे विचारण्याची पद्धतच नव्हती. डॉस या तलाठ्यालाही पत्ता लागत नसे.

त्याचा फायदा घेणारे लगेच निघाले. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांचा 'ब्रेन' व्हायरस फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरमध्ये जाऊन बसला. आत त्यांनी आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबरही लिहून ठेवला होता. आणि जून १९९० मध्ये भारतात सापडला 'जोशी' व्हायरस. आडनावावरून तुम्ही काय ओळखायचं ते ओळखा. त्याची मजा अशी की वर्षभर तो गुपचूप पसरायचा आणि ५ जानेवारीला मशीन अडवून पडद्यावर मागणी करायचा, 'टाइप हॅपी बर्थडे जोशी'. तेवढं टाइप केलं की मशीन सुटायचं. नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत मी ते पाहिलंय. मुलं हसत-हसत जोशीबुवांना शुभेच्छा देत होती आणि प्रयोगशाळेचे प्रमुख घामाघूम झाले होते.

या जोशीची करामत समजून घेण्यासारखी आहे. हार्ड डिस्कचा अगदी पहिला सेक्टर फार मोलाचा. त्याच्या ५१२ बाइटांपैकी ४४६ मध्ये मशीन सुरू करणारा छोटा प्रोग्राम असतो, ६४ मध्ये डिस्कचे भाग कुठून कुठवर आहेत याचा नकाशा, आणि उरलेले दोन म्हणजे शेवटचा शिक्का. लेआउटच्या तोंडाशी लावलेला नकाशाचा फलकच तो. जोशी तो फलक उचलून त्याच पट्ट्यावरच्या नवव्या सेक्टरमध्ये ठेवायचा आणि पहिल्या जागी स्वतः बसायचा. उरलेलं अंग दोन ते सहा या सेक्टरांत. मशीन सुरू झालं की सगळ्यात आधी जोशी जागा होई, मेमरीत ठाण मांडी आणि बायॉसच्या त्या तेराव्या हाकेवर कान लावून बसे. मग कुणी 'पहिला सेक्टर दाखव' म्हटलं, की तो हळूच नववा आणून पुढे करी. तुम्ही बघता तर फलक शाबूत, सगळं ठीकठाक.

म्हणजे तुम्ही कितीही चांगला प्रोग्राम घेऊन सेक्टर तपासायला बसा, जोपर्यंत त्याच बिघडलेल्या मशीनला विचारताय तोपर्यंत उत्तर जोशीच देणार. एकच चुगली व्हायची. 'चेकडिस्क' हा हुकूम दिला की एकूण मेमरी ६,५५,३६० बाइट दाखवायला हवी, ती सहा केबीने कमी भरे. खात्री करायची तर वीज पूर्ण बंद करून, लिहिण्याची खाच बंद केलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून मशीन सुरू करायचं आणि मग पहिला सेक्टर उघडायचा. तिथे 'ईबी, १-एफ' हे दोन बाइट दिसले की जोशी सापडला. आणि उपाय? नवव्या सेक्टरमधला मूळ फलक उचलून पहिल्या जागी लावायचा. हे काम हाताने करणारे त्या काळी देवमाणूस ठरत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी याच काळात व्हायरस काढण्याचे प्रोग्राम लिहिण्याचं काम हाती घेतलं आणि त्यातून पुढे क्विक हील उभी राहिली. दुरुस्तीला येणारी मशीनं व्हायरसने भरलेली असत, गरज दारातच उभी होती.

मायक्रोसॉफ्टने १९९३ साली विंडोज एनटीत फाटक बसवलं. साध्या प्रोग्रामला बायॉसची हाक मारता येईना. सेक्टर सरळ वाचायचे तर प्रशासकाचा अधिकार दाखवून 'फिजिकलड्राइव्ह झिरो' या नावाने परवानगी मागायची. पण घराघरांत पोचली ती विंडोज ९५ आणि ९८, आणि त्यांचं फाटक नावापुरतं होतं. २६ एप्रिल १९९९ ला तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याचा सीआयएच व्हायरस त्या फाटकाखालून वाकून गेला आणि त्याने डिस्कचे पहिले २०४८ सेक्टर पुसून टाकले. फलकही गेला, दप्तराचा काही भागही गेला. दक्षिण कोरिया आणि तुर्कस्तानात तर हाहाकार उडाला. एनटी वापरणारी मशीनं मात्र त्या दिवशी शाबूत राहिली. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून नियम आणखी कडक झाला. चालू असलेल्या भागावर सरळ सेक्टरमध्ये लिहायचं तर तो भाग आधी कुलूपबंद करावा लागतो, प्रशासक असलात तरीही.

जोशीने शिकवलेला धडा आज न्यायालयात उपयोगी पडतो. पोलिसांनी जप्त केलेलं मशीन सुरू करून आत काय आहे ते बघायचं नसतं. डिस्क काढून 'राइट ब्लॉकर' नावाच्या डबीमधून जोडतात. ती वाचू देते, लिहू देत नाही. मग सेक्टरशः नक्कल घेतात आणि मूळ व नक्कल या दोन्हींचा 'हॅश' काढतात. हॅश म्हणजे डिस्कवरच्या सगळ्या बाइटांचा गणिताने काढलेला ठसा. एसएचए-२५६ या पद्धतीत तो ६४ चिन्हांचा येतो आणि एकतीस कोटी सेक्टरांत एखादं अक्षर बदललं तरी पूर्ण वेगळा येतो. जालन्याच्या २०१४ मधल्या विधानसभा निवडणुकीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं की मूळ उपकरण पुढे आणलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या नकलेबरोबर प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात तर हॅश लिहायचा रकानाच आहे. तुमचं मशीन कधी जप्त झालं, किंवा तुम्ही स्वतः पुरावा म्हणून दिलंत, तर हॅश लिहून घेतलाय का, हे विचारायला लाजू नका.

आणखी एक सांगायला हवं. आपण ज्याला 'सरळ सेक्टर' म्हणतो तोही पूर्ण खरा नसतो. डिस्कच्या आत तिचा स्वतःचा छोटा संगणक असतो. एखादा सेक्टर खराब झाला की तो गुपचूप राखीव जागेतला दुसरा सेक्टर त्या नंबरावर देतो. तुम्हाला नंबर तोच दिसतो, जमीन बदललेली असते. २०१५ साली कॅस्परस्की कंपनीने असा हल्ला उघड केला, ज्यात डिस्कच्या या आतल्या प्रोग्रामलाच बदललं होतं. तिथे ऑपरेटिंग सिस्टिमचं फाटक पोचतच नाही.

आणि आता लॅपटॉपमध्ये येणारी एसएसडी तर वेगळीच वस्तू. तिच्यात तबकडी नाही, फिरणं नाही. तिच्यात तलाठी फाइल खोडली की 'ट्रिम' हुकमाने डिस्कलाही कळवतो की हे प्लॉट मोकळे झाले, आणि ती सवडीने ते खरंच साफ करून टाकते. विंडोज ७ पासून हे आपोआप होतं. त्यामुळे काकूंची डिस्क एसएसडी असती तर अकरा सेकंदंही मिळाली नसती. मोबाइलचंही असंच. त्यातला मजकूर कूटबद्ध असतो, एकदा किल्ली गेली की सेक्टर वाचून काही हाती लागत नाही. फोटो गेल्यावर पहिल्यांदा फोनच्या 'ट्रॅश'मध्ये बघा, साधारण महिनाभर ते तिथे असतात.

जुन्या फिरत्या डिस्कवरून वा कॅमेऱ्याच्या कार्डावरून काही चुकून पुसलं गेलं, तर ते लगेच काढून ठेवा आणि त्यावर एकही नवा फोटो काढू नका. उलट डिस्क विकायची असेल तर 'क्विक फॉरमॅट' कामाचा नाही, तो फक्त दप्तर नवं करतो. व्हिस्टापासूनच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितो, एक्सपीत तसं नव्हतं. पीटर गुटमन यांनी १९९६ साली पस्तीस वेळा पुसण्याची पद्धत सुचवली होती आणि काही जण अजून तेवढ्या फेऱ्या मारतात, पण आजच्या डिस्कला एक फेरी पुरते. एसएसडीसाठी तिच्या कंपनीने दिलेला पुसण्याचा हुकूम वापरावा. आणि यातलं काहीच जमणार नसेल, तर चार स्क्रू काढून डिस्क घरीच ठेवून घ्यावी. मशीन डिस्कशिवायही विकलं जातं, भाव थोडा पडतो एवढंच.